जुन्या ब्रिटिश चांदीवरचे ठसे कसे वाचावेत

जुना चांदीचा चमचा उलटा धरला की दांडीच्या पाठीवर ओळीने चार-पाच बारीक ठसे दिसतात. एक सिंह, एक कसलं तरी डोकं, एक सुटं अक्षर आणि दोन आद्याक्षरं. नवा माणूस सगळ्यांत आधी आद्याक्षरांकडे धावतो, कारण कारागिराचं नाव कळावं हीच मुख्य ओढ असते. माझं सांगणं उलट आहे : आद्याक्षरं सगळ्यांत शेवटी वाचा. तीच दोन अक्षरं वापरणारे कारागीर प्रत्येक पिढीत अनेक होते. वर्ष हाती नसताना नाव शोधायला बसलं की यादीतलं सर्वांत नामांकित नाव डोळ्यांत भरतं, आणि मग बाकीचे ठसेही आपण त्या नावाला जुळतील असेच वाचू लागतो.

इथे ब्रिटिश चांदीबद्दलच लिहितो आहे. सातशे वर्षं फारशी न तुटता चाललेली ही पद्धत आहे, आणि ती नीट कळली की लंडनमध्ये घडलेल्या बहुतेक वस्तूंचं वर्ष घरबसल्या सांगता येतं. चित्रं पाठ करण्याची गरज नाही. कोणता ठसा कधी सुरू झाला, कधी थांबला आणि का, एवढं लक्षात ठेवायचं आणि एकेक शक्यता वगळत जायचं.

ठसे मुळात कशासाठी?

संग्राहकांच्या सोयीसाठी यांतला एकही ठसा जन्मला नाही. चांदीत तांबं किती मिसळलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने ठरवलं की चांदी स्टर्लिंग कसाचीच हवी, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, आणि तपासलेल्या वस्तूवर बिबट्याच्या डोक्याचा ठसा हवा. १३६३ साली कारागिराने स्वतःची खूणही उमटवावी असा नियम आला. १४७८ साली लंडनच्या सोनारांच्या संघाने तपासणी आपल्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणली. हॉलमध्ये मारलेला ठसा तो हॉलमार्क. त्याच वर्षी एक अक्षर जोडलं गेलं, ते दरवर्षी बदलायचं. हेतू साधा होता : खोटी वस्तू सापडली तर ती कोणत्या वर्षी, म्हणजे कोणत्या तपासनिसाच्या हातून सुटली ते कळावं. आज आपण ज्या अक्षरावरून वस्तूचं वय काढतो, ते खरं तर तपासनिसाला जाब विचारण्यासाठी होतं. चालता सिंह १५४४ साली आला.

ही पार्श्वभूमी उपयोगाची आहे. एक ठसा कारागिराचा, एक कसाचा, एक तपासणी झाली त्या शहराचा, एक वर्षाचा, आणि काही काळ एक कराचा. पाच प्रश्न, पाच उत्तरं.

आधी नीट बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. प्रकाश मात्र तिरका हवा. खोलीतला वरचा दिवा बंद करून एकच दिवा बाजूने, जवळजवळ वस्तूच्या पातळीवर धरा आणि वस्तू हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणारा ठसा एका ठरावीक कोनात अचानक उठून येतो. त्या क्षणी फोटो काढून ठेवा. ठसा बळकट जागी असेल तर त्यावर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा पातळ कागद ठेवून खोडरबराने हलकेच दाबा. कागदावर उमटलेली आकृती कधीकधी मूळ ठशापेक्षा स्पष्ट वाचता येते.

आणि कृपा करून बघण्याआधी वस्तू घासूपुसू नका. खाचांत बसलेला काळेपणाच अक्षराची कड दाखवतो. शिवाय दर घासण्यात चांदीचा पातळसा थर निघून जातो. शंभर वर्षं रोज लखलखीत ठेवलेल्या चमच्यांचे ठसे म्हणूनच पुसट झालेले असतात.

ठसे कुठे शोधायचे? चहादाणी, बशी, तबक यांच्या तळाला. पेल्याच्या तळाला, किंवा कडेजवळ, मुठीच्या बाजूला. साखरेच्या चिमट्यात पात्यांच्या आतल्या अंगाला. चमच्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : साधारण १७८० पर्यंत ठसे दांडीच्या अरुंद भागात, वाटीजवळ मारत, त्यानंतर ते दांडीच्या रुंद टोकाकडे सरकले. ठसे वाचण्याआधीच त्यांच्या जागेवरून अर्धं काम होतं. झाकण किंवा सुटा होणारा कोणताही भाग असेल तर त्यावरही निदान सिंह आणि वर्षाचं अक्षर शोधा. ते अंगावरच्या अक्षराशी जुळलंच पाहिजे.

पहिली पायरी : चांदी की मुलामा?

सिंह शोधा. डावीकडे तोंड करून चालणारा, उजवा पुढचा पाय उचललेला. तो असेल तर इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी. सिंह नसेल आणि चार सुंदर चौकटींत चार अक्षरं असतील, तर ती एकेक करून वाचा. ई, पी, एन, एस असं निघालं तर तो निकेल मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा आहे. बर्मिंगहॅमचे कारखानदार एल्किंग्टन यांनी १८४० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढे मुलाम्याचा माल अमाप निघाला. ही अक्षरं गॉथिक (जुन्या हस्तलिखितांसारख्या जाड, टोकदार) वळणात, ढालीच्या आकारात, मुद्दाम हॉलमार्कसारखी दिसतील अशी मारलेली असतात. सुरुवातीला मीही फसलो आहे, म्हणून या पायरीवर थांबून सांगतो.

त्याहून जुना प्रकार म्हणजे ओल्ड शेफील्ड प्लेट. १७४३ च्या सुमारास टॉमस बूल्सोव्हर यांनी तांब्याच्या जाड पट्टीवर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करण्याची युक्ती शोधली. झिजलेल्या कडांना, उठावाच्या टोकांना लालसर तांबं डोकावताना दिसलं की ओळखावं.

वस्तूवर ९२५ हा आकडा असेल तर ती जुनी ब्रिटिश वस्तू नसण्याचीच शक्यता जास्त. ब्रिटनमध्ये शुद्धतेचा आकडा १९९९ पासून सक्तीचा झाला. त्याआधी ते काम सिंहच करत असे.

दुसरी पायरी : कोणतं शहर?

हे ठरवल्याशिवाय वर्षाचं अक्षर वाचता येत नाही, कारण प्रत्येक शहराचा अक्षरक्रम वेगळा होता. बिबट्याचं डोकं म्हणजे लंडन. (ते समोरून बघणाऱ्या सिंहाच्या तोंडासारखं दिसतं आणि ते बरोबरच आहे, जुन्या राजचिन्हांच्या भाषेत समोर बघणाऱ्या सिंहाला लेपर्ड म्हणत.) जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. मुकुट म्हणजे शेफील्ड, पण १९७४ पर्यंतच. पुढे तिथे गुलाबाचं फूल आलं. तीन बुरुजांचा किल्ला आणि सोबत थिसलचं काटेरी फूल म्हणजे एडिंबरा. हे फूल १७५९ पासून दिसतं. झाड, त्यावर पक्षी, घंटा आणि मासा अशी गर्दी म्हणजे ग्लासगो. मुकुटधारी हार्प म्हणजे डब्लिन. गव्हाच्या तीन पेंढ्यांमध्ये तलवार दिसली तर चेस्टर. तीन सुटे किल्ले म्हणजे न्यूकॅसल. एक्सिटरचाही किल्लाच होता, त्यामुळे त्याची एडिंबराशी गल्लत होते. अशा वेळी शेजारी सिंह आहे की थिसल, ते बघा.

बर्मिंगहॅम आणि शेफील्ड इथल्या चांदी तपासणाऱ्या दोन्ही कचेऱ्या १७७३ च्या कायद्याने सुरू झाल्या. त्याआधी तिथल्या कारखानदारांना माल तपासायला दूर पाठवावा लागे, वाटेत तो चेपत असे आणि नमुन्यांची नक्कलही होत असे. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी पार्लमेंटकडे नेटाने पाठपुरावा केला तेव्हा परवानगी मिळाली. नांगर आणि मुकुट ही चिन्हं लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या मद्यालयातल्या बैठकींवरून पडली अशी आख्यायिका आहे. आपल्याला कामाचं एवढंच की नांगराचा ठसा असलेली वस्तू १७७३ च्या आधीची असूच शकत नाही. तसंच बंद झालेल्या कचेऱ्यांचं : एक्सिटर १८८३, न्यूकॅसल १८८४, चेस्टर १९६२, ग्लासगो १९६४. त्यानंतरच्या काळाचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी पायरी : काळाच्या भिंती

मला या विषयात सर्वांत आवडणारा भाग हाच. अक्षर वाचण्याआधी चार भिंती उभ्या करा, म्हणजे वस्तू कोणत्या खोलीत आहे ते कळतं.

पहिली भिंत १६९७ ते १७२०. त्या काळात स्टर्लिंगची नाणी वितळवून किंवा त्यांच्या कडा कातरून लोक भांडी घडवत होते, कारण दोन्हींचा कस एकच होता. यावर उपाय म्हणून सरकारने भांड्यांचा कस वाढवून हजारात ९५८ च्या थोडा वर नेला. जुन्या सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया देवता आली, आणि बिबट्याच्या जागी मान तुटल्यासारखी दिसणारी सिंहाची मुंडी. १७२० साली स्टर्लिंग परत आलं, पण ब्रिटानिया कस ऐच्छिक म्हणून राहिला. म्हणून ब्रिटानिया दिसली की लगेच आनंदून जाऊ नका. ती विसाव्या शतकातलीही असू शकते.

दुसरी भिंत सर्वांत उपयोगी : १ डिसेंबर १७८४ ते एप्रिल १८९०. या काळात चांदीवर कर होता, आणि कर भरल्याची पावती म्हणून राज्यकर्त्याच्या मस्तकाचा ठसा मारला जाई. मस्तक आहे, म्हणजे वस्तू या शंभरेक वर्षांतली. नाही, म्हणजे आधीची किंवा नंतरची (काही किरकोळ वस्तूंना करातून सूट होती, तेवढा अपवाद). तोंड कुठे वळलं आहे तेही बघा. तिसऱ्या जॉर्जचं मस्तक पहिली दीडेक वर्षं डावीकडे बघणारं आणि खोलगट होतं. १७८६ पासून ते उठावाचं, उजवीकडे बघणारं झालं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम हेही उजवीकडे बघतात. व्हिक्टोरिया डावीकडे. ठसा झिजून नाकडोळे गेले असले तरी दिशा बहुधा टिकलेली असते.

तिसरी भिंत फक्त लंडनची : १८२१. त्याआधी बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असे. त्या वर्षापासून तो गेला. सिंहही तोवर मान वळवून आपल्याकडे बघत असे, १८२१ नंतर चालण्याच्या दिशेनेच बघू लागला.

चौथी, १९७५. तेव्हापासून सगळ्या कचेऱ्यांचं वर्षाचं अक्षर एकच झालं आणि ते १ जानेवारीला बदलू लागलं.

चौथी पायरी : वर्षाचं अक्षर

लंडनचा हिशेब इतका नीटस आहे की तो एकदा समजून घेतलाच पाहिजे. तिथे ए पासून यू पर्यंतची अक्षरं वापरत आणि त्यांतलं 'जे' हे अक्षर वगळत, म्हणजे एकूण वीस. वीस वर्षांनी पुन्हा ए, पण वळण बदलून. ए चं वर्ष १७१६ पासून पुढे १६, ३६, ५६, ७६ किंवा ९६ या आकड्यांनी संपतं. म्हणून ए असेल तर १७७६, बी १७७७, सी १७७८, असं बोटांवर मोजत जायचं, फक्त आय नंतर थेट के घ्यायचं.

वळणं अशी : १७३६ च्या फेरीत साधं लहान अक्षर, १७५६ ला गॉथिक कॅपिटल, १७७६ ला पुन्हा साधं लहान, १७९६ ला साधं कॅपिटल, १८१६ ला साधं लहान, १८३६ ला गॉथिक कॅपिटल, १८५६ ला गॉथिक लहान, १८७६ ला साधं कॅपिटल, १८९६ ला साधं लहान. अक्षराभोवतीच्या ढालीचा आकारही फेरीगणिक बदलतो. अक्षर पुसट असेल तेव्हा ढालीची खालची कड टोकदार आहे की गोल, यावरून निकाल लागतो.

लंडनमध्ये अक्षर मे महिन्यात बदलत असे, त्यामुळे प्रत्येक अक्षर दोन सालांत पसरतं. नुसतं १७७७ न लिहिता १७७७-७८ लिहावं.

इतर शहरांसाठी छापील तक्ते लागतातच. बर्मिंगहॅमचा क्रम १७७३ साली ए ने सुरू होतो आणि बराच सरळ चालतो. शेफील्डने मात्र पहिल्या वर्षी ई वापरलं, आणि १८२४ पर्यंत तिथली अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. तिथे अंदाज चालत नाही.

पाचवी पायरी : आता आद्याक्षरं

वर्ष आणि शहर हाती आलं की मगच कारागीर. इथेही कायद्याने भिंती घातल्या आहेत. १६९७ ते १७२० मध्ये आडनावाची पहिली दोन अक्षरं घेत. १७२० नंतर काही काळ दोन्ही रीती मिसळल्या, आणि १७३९ च्या कायद्याने सर्वांना नवे ठसे नोंदवायला लावले : नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरं. लंडनचे नामांकित चांदी-कारागीर पॉल द लामरी यांचंच बघा. १७१३ साली नोंदवलेल्या त्यांच्या ठशात एल आणि ए आहेत, लामरी या आडनावाची पहिली दोन. १७३३ च्या ठशात पी आणि एल. एकच माणूस, दोन अगदी वेगळे ठसे.

अक्षरं सारखी असली तरी ठशाची चौकट, अक्षरांमधला ठिपका, वर मुकुट किंवा तारा, अक्षरं सरळ की लपेटीची, या सगळ्यांवरून माणसं वेगळी करता येतात. जे ऐवजी आय बघायची सवय ठेवा. जॉन किंवा जोनाथन असं नाव असलं तरी ठशात बहुधा आय असतो. गोल्डस्मिथ्स हॉलच्या नोंदवह्या १६९७ पासून आहेत, पण अठराव्या शतकाच्या मध्यातल्या दोन वह्या हरवल्या : लहान वस्तू घडवणाऱ्यांची १७३९ ते १७५८ ची आणि मोठ्या वस्तू घडवणाऱ्यांची १७५८ ते १७७३ ची. त्या काळातल्या काही कारागिरांची नावं तर्कानेच जोडलेली आहेत.

हा ठसा ज्याने वस्तू तपासणीला पाठवली त्याची जबाबदारी सांगतो. हातोडी त्यानेच धरली असं नाही. मोठ्या कार्यशाळेत डझनभर हात एका ठशाखाली काम करत.

एक चमचा शेवटपर्यंत वाचू

समजा, हातात चमचा आहे. सिंह आहे, मुकुट घातलेलं बिबट्याचं डोकं आहे, साधं लहान बी आहे, लपेटीचे एच आणि बी आहेत. राज्यकर्त्याचं मस्तक नाही. ठसे वाटीजवळ आहेत.

बिबट्या म्हणजे लंडन. साधं लहान बी तिथे १७३७, १७७७, १८१७ आणि १८९७ या वर्षी येतं. मुकुट आहे म्हणून १८९७ बाद. १८१७ मध्ये कराचं मस्तक असतं, इथे नाही, म्हणून तेही बाद. उरले १७३७ आणि १७७७, मध्ये चाळीस वर्षांचं अंतर. आता दांडीचं टोक बघा : १७३७ च्या सुमाराच्या चमच्यांचं टोक वर वळलेलं आणि मधोमध कणा असलेलं, १७७७ पर्यंत टोक खाली वळवण्याची रीत आली होती. आपल्या चमच्याचं खाली वळलं आहे. ठसे वाटीजवळ असणं १७७७ ला चालून जातं.

मग आद्याक्षरं. लपेटीचा एच बी हा हेस्टर बेटमन यांचा. पती वारल्यानंतर त्यांनी १७६१ साली आपला ठसा नोंदवला आणि १७९० पर्यंत कार्यशाळा सांभाळली. १७७७-७८ बरोबर त्या काळात बसतं. हेच नाव पहिल्यांदा वाचलं असतं तर १७३७ चा चमचाही आपण त्यांच्याच नावावर लावला असता.

शेवटी वस्तूला विचारा

ठसे खरे, पण वस्तू त्यांची नाही, असंही होतं. १७२० ते १७५८ या काळात चांदीवर औंसाला ६ पेन्स कर होता. तो चुकवायला काही जण एखादी हलकीशी वस्तू तपासून घेत, तिच्यावरचे ठसे कापून काढत आणि मोठ्या भांड्याच्या तळाला डाख देऊन बसवत. ओळखायची युक्ती सोपी आहे : ठशांच्या जागेवर जोराने श्वास सोडा. वाफ धरली की डाखाची रेघ वेगळी उठून दिसते.

चमच्यांचा संच असेल तर सगळे शेजारी ठेवा. हाताने मारलेले ठसे प्रत्येक चमच्यावर केसभर तरी सरकतात. सगळ्यांवर अगदी त्याच जागी, त्याच तिरकेपणाने, त्याच खरचटीसह ठसे असतील आणि कडा मऊ, दाणेदार असतील, तर एका खऱ्या चमच्याचा साचा करून बाकीचे ओतले आहेत. व्हिक्टोरियन काळात जुन्या टँकर्डांना (मुठीच्या मोठ्या पेल्यांना) चोच लावून सुरया करण्याची आणि साध्या भांड्यांवर फुलापानांचं नक्षीकाम उठवण्याची हौस होती; १७४० चे ठसे आणि १८५० ची नक्षी एकाच अंगावर सापडते. नक्षी ठशांवरून गेली असेल तर ती नंतरची आहे.

सिंहच नसेल आणि वर सांगितलेलं काहीच जुळत नसेल, तर देश बदला. मिनर्व्हा या रोमन देवतेचं शिरस्त्राण घातलेलं डोकं म्हणजे १८३८ नंतरचं फ्रान्स. चंद्रकोर, मुकुट आणि ८०० असा आकडा म्हणजे १८८८ नंतरची जर्मनी. ८४ आकडा बहुधा रशियाचा, झोलोत्निक या जुन्या रशियन मापातला, हजारात ८७५. नुसता 'स्टर्लिंग' असा शब्द बहुधा अमेरिकेचा. तिथे देशभर लागू अशी सरकारी तपासणीची पद्धतच नव्हती, तिथे कारखान्याचं नाव हाच मुख्य धागा.

काम झालं की एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा : शहर, दोन सालं, आद्याक्षरं, ठसे कोणत्या जागी आणि कितपत स्पष्ट. जे वाचता आलं नाही तिथे रिकामी चौकट काढा, आणि अंदाज असेल तर त्याला प्रश्नचिन्ह जोडा.